डिकीतलं प्रोसिडिंग बुक

दोन वर्षं आमच्या शाळेच्या समितीचं प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभांची वही, माझ्या स्कूटरच्या डिकीत होतं. खरं तर ते असायला पाहिजे शाळेच्या कपाटात, गुरुजींच्या ताब्यात. पण डिकीत बरं पडायचं, कारण सह्या गोळा करायला कधी कुणाच्या गोठ्यावर तर कधी कुणाच्या रानात जावं लागायचं, आणि दर वेळी वही आणायला शाळेपर्यंतचा चढ कोण चढणार. लाल कापडी पाठीचं, दोनशे पानी, पुठ्ठ्यावर खडूच्या बोटांचे ठसे, आणि आत दर महिन्याला तेच वाक्य, "मा. अध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली." खेळीमेळीचं वातावरण होतं हे शंभर टक्के खरं, कारण सभाच झालेली नसायची, मग भांडणार कोण कुणाशी.

एखाद्या महिन्याचं लिहायचं राहिलं तर मध्ये दोन पानं कोरी सोडायची, निवांत झालं की भरायची. ही आयडिया आधीच्या अध्यक्षांची, मी ती तशीच पुढं चालवली.

हो, शाळा व्यवस्थापन समितीचे मा. अध्यक्ष म्हणजे मीच.

शाळा पाटण तालुक्यातली, डोंगरातल्या एका वाडीची. जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, दोन खोल्या, एक गुरुजी, एक बाई, आणि मी अध्यक्ष झालो तेव्हा, म्हणजे २०२३ च्या जुलैत, पट तेवीस. वाडीचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर उद्या सकाळी मुंबईकरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मीच विषय. आमच्याकडे प्रत्येक वाडी दोन ठिकाणी असते, अर्धी डोंगरात आणि अर्धी मुंबईत. माथाडी, मार्केट, गोदी, गिरण्या, असं करत करत तीन पिढ्या गेल्या तिकडं. मी पण अकरा वर्षं तुर्भ्याच्या मार्केटात एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्टी, म्हणजे मालाच्या पावत्या, फाडत होतो, २०२० च्या लॉकडाऊनला आलो तो परत गेलोच नाही. फाट्यावर झेरॉक्स, प्रिंट, रिचार्ज, फॉर्म भरून मिळतील असं दुकान टाकलं. पालक सभेत अध्यक्ष कुणाला करायचं हा विषय निघाला तेव्हा गुरुजींनी सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, "प्रिंटर कुणाकडं आहे?" झाली निवडणूक.

आता कायद्यात काय आहे ते सांगतो, कारण आमच्या वाडीत ते मी एकट्यानेच वाचलं होतं आणि ते पण अध्यक्ष झाल्यावर वर्षभराने. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्याच्या २१ व्या कलमात शाळा व्यवस्थापन समिती आहे. त्यात कमीत कमी पाऊण भाग पालक पाहिजेत, एकूणात निम्म्या बायका पाहिजेत, आपल्या राज्यात ही समिती बारा ते सोळा जणांची, अध्यक्ष पालकांतलाच, मुख्याध्यापक सचिव. शिवाय ग्रामपंचायतीचा एक सदस्य, एक शिक्षक, एक शिक्षणप्रेमी म्हणजे गावातला जाणता माणूस, आणि दोन विद्यार्थी, ज्यांना मत नसतं. समितीने शाळेवर देखरेख ठेवायची, आलेला पैसा कुठं गेला ते बघायचं आणि शाळेचा विकास आराखडा बनवायचा.

वाचायला झकास आहे. पण तेवीस पोरं म्हणजे आमच्याकडे सोळा घरं. त्यातले दहा पालक समितीत घ्यायचे, म्हणजे निवडणूक कसली, कोण नको तेवढंच ठरवायचं. आणि निम्म्या बायका हा नियम आम्ही अगदी काटेकोर पाळला, कागदावर. बाई भाताच्या खाचरात, गडी पारावर, आणि वही घेऊन मी दारात. "वहिनी, इथं सही करा." वहिनी ओले हात पदराला पुसायच्या, मी बोट ठेवीन तिथं सही करायच्या, वर मलाच चहा विचारायच्या. कुणी कधी विचारलं नाही काय लिहिलंय, आणि मी पण कधी सांगितलं नाही. ह्यात कुणाला फसवतोय असं मला एकदासुद्धा वाटलं नाही हो, उलट मी कामाचा माणूस आहे, सगळ्यांचा वेळ वाचवतोय, असंच वाटायचं.

विकास आराखडा पण मीच दुकानात बसून केला. केला म्हणजे दुसऱ्या एका मोठ्या शाळेचा माझ्या कॉम्प्युटरवर होता, तो उघडला, आकडे बदलले, प्रिंट काढली. माझी पोरगी तेव्हा तिसरीत, समितीतली विद्यार्थी प्रतिनिधी (तिला का घेतलं ते विचारू नका), ती सुट्टीत दुकानात बसून ती पानं वाचत होती आणि एकदम म्हणाली, "पप्पा, आपल्या शाळेत प्रयोगशाळा होणारे?" चौथीपर्यंतची शाळा, प्रयोगशाळा कुठली! पुढच्या पानावर तर त्या दुसऱ्या गावाचं नाव तसंच राहिलेलं. तो आराखडा तोवर गुरुजींनी वाचून, नऊ जणांच्या सह्या होऊन, शिक्का मारून पुढं जायला तयार होता. ज्या सदस्याला मत नाही तिनेच काय तो वाचला.

गावात समित्यांना तोटा नाही. तंटामुक्ती आहे, पाणीपुरवठा आहे, वन समिती आहे. ह्या सगळ्यांची प्रोसिडिंग बुकं कुणाच्या ना कुणाच्या डिकीत, नाहीतर कणगीवर. पण एक कमिटी आमच्याकडे अशी चालते की तिच्यापुढं जिल्हाधिकारी कार्यालय काय चालेल, ती म्हणजे यात्रा कमिटी. तिला कायदा नाही, कलम नाही. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी रात्री देवळात सतरंजी टाकतात, एक जण वही घेऊन मोठ्यांदा वाचतो. मंडप एवढा, बँड एवढा, नारळ एवढे, हार एवढे. आणि मागून एखादा म्हातारा डोळे मिटूनच म्हणतो, "नारळ गेल्या साली शंभरातलं सोळा उरलं हुतं, ह्या साली किती उरलं?" आणि सांगावं लागतं. उरलेल्या नारळांचा लिलाव होतो तिथंच. अडाणी म्हणवणारी माणसं हा हिशोब कान टवकारून ऐकतात, कारण त्यात प्रत्येकाची पट्टी असते, घरटी पाचशे.

शाळेच्या पैशात कुणाची पट्टी नव्हती. तो वरून यायचा. समग्र शिक्षा ह्या सरकारी योजनेतून संयुक्त शाळा अनुदान येतं, तीसच्या आत पट असला की वर्षाला १०,००० रुपये. बारा महिन्यांनी भागलं तर महिन्याला आठशे तेहतीस. त्यात खडू, झाडू, फिनेल, लाइट बिल, नळाची तोटी, फळ्याचा रंग, आणि त्यातलेही किमान दहा टक्के स्वच्छतेवरच खर्च करायचे असा नियम. अध्यक्ष आणि मुख्याध्यापक दोघांच्या सहीशिवाय पैसा हलत नाही, म्हणजे मी काय साधासुधा माणूस नव्हतो, आठशे तेहतीस रुपयांचा निम्मा मालक होतो. आणि हे पैसे यायचे कधी, तर बहुतेक वेळा मार्चच्या तोंडावर, आणि खर्च टाकायचा ३१ मार्चच्या आत. वर्षभर उधारीवर शाळा चालवायची आणि शेवटच्या पंधरा दिवसांत बिलं जमवायची.

गणवेशाचं तेवढं एक काम समितीकडं खरंखुरं होतं. एका पोराला दोन जोड, सहाशे रुपये. टेलरला शाळेत बोलवायचं, मापं घ्यायची, जून संपायच्या आत कपडे. २०२४-२५ ला ते समित्यांकडून काढून राज्यभर एकच कापड, एकच रंग अशी योजना आली, कपडे कुठं उशिरा आले, कुठं मापात बसेनात, पेपरात तर महिनोन्महिने तेच फोटो, आणि डिसेंबर २०२४ ला शासनाने निर्णय फिरवून काम परत समित्यांकडं दिलं. मला त्यातलं एकच लक्षात आहे. ऑगस्टमध्ये बायका मला फाट्यावर अडवून विचारायच्या, कपडे कधी, आणि मी सांगायचो, ते आता आमच्याकडं नाही. ते सांगताना मला किती हलकं वाटायचं! जबाबदारी गेली की माणसाला किती बरं वाटतं हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं, आणि थोडी लाज पण वाटली.

मध्येच एक अमेरिकेचं सांगतो. बायकोची मामेबहीण मिनेसोटात असते, नवऱ्याच्या नोकरीमुळे, शहरापासून लांब एका लहान गावात. तिचा मुलगा जातो ती चार्टर शाळा, आणि ही तिच्या बोर्डावर. चार्टर म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, फी नसलेली, पण कारभार स्वतंत्र बोर्डाचा. तिकडं हा कायदा पहिल्यांदा मिनेसोटानेच केला, १९९१ ला, आणि पहिली शाळा १९९२ ला सेंट पॉलमध्ये निघाली. बोर्डावर शिक्षक पाहिजे, पालक पाहिजे आणि ज्याचं पोर शाळेत नाही असा गावातला एखादा माणूस पण पाहिजे. व्हिडिओ कॉलवर ती सांगत होती, आम्ही हेड नेमतो, पटला नाही तर काढतो, बजेट आम्ही मंजूर करतो, मिटिंगला कुणीही येऊन मागं बसू शकतं. माझ्या डोळ्यापुढं आमचे गुरुजी आले. त्यांना आम्ही काढायचं सोडा, त्यांची रजा पण आम्हाला दुसऱ्या दिवशी कुलूप बघून कळते. बदली ऑनलाइन, नेमणूक ऑनलाइन, आमची सही फक्त झाडूवर.

पण मग ती म्हणाली, "भावोजी, खरं सांगू का, कुणी उभंच राहत नाही हो इथं. तीच तीच पाच-सहा माणसं. मला का घेतलं माहितीये? मला एक्सेल येतं." मी एवढा हसलो की दुकानातली गिऱ्हाइकं बघायला लागली. तिकडं एक्सेल, इकडं प्रिंटर.

आता अंड्यांचं.

नोव्हेंबर २०२३ ला शासनाने ठरवलं की पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं, जे खात नाहीत त्यांना केळं. अंड्याला पाच रुपये धरलेले आणि दुकानात अंडं सहा-सात रुपयांना, वरचे पैसे आमच्या बाई घालायच्या, त्या कधी बोलल्या नाहीत. पोरं त्या दिवशी हमखास हजर. खिचडी शिजवणाऱ्या काकी, ज्यांना महिना अडीच हजार मानधन आणि तेही चार महिन्यांनी एकदम, त्या त्या दिवशी सकाळीच पातेलं चढवायच्या. अंडी सोलायला पोरांना द्यायच्या नाहीत, स्वतः सोलायच्या, कारण पोरं सालीबरोबर निम्मं पांढरं काढतात. सोललेली अंडी ताटात मांडून वरून मीठ आणि चिमूटभर तिखट, आणि प्रत्येकाच्या हातावर देताना त्या नाव घेऊन द्यायच्या. मी एकदा विचारलं, काकी नावं कशाला घेताय, तर म्हणाल्या, "कुणाला दोन गेलं आन कुणाला न्हाय, आसं नगो व्हायला."

जानेवारी २०२५ च्या शेवटाला आदेश आला की अंड्यासाठी वेगळा निधी आता नाही, द्यायचं असेल तर लोकसहभागातून द्या. तेव्हा पट एकवीस. त्यातली चार पोरं माळकऱ्यांच्या घरची, म्हणजे सतरा अंडी, चार केळी, आठवड्याला दीडशेच्या आत खर्च. मी पहिला फोन मुंबईकर मंडळाला लावला. मंडळाने आधी शाळेला प्रवेशद्वार दिलंय, लोखंडी कमान, वर सूर्य, खाली देणगीदारांची अठरा नावं. शाळेला कंपाउंड नाही, नुसती कमान उभी आहे, शेरडं तिच्या बाजूनं जातात, पोरं तेवढी आतनं जातात कारण बाईंनी शिस्त लावली आहे. तर मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "अंडी? अरे काहीतरी कायमस्वरूपी सांग. वॉटर कूलर सांग, साउंड सिस्टीम सांग." त्यांचा काही दोष नाही, माणूस दिलदार आहे, पण अंड्यावर नाव कुठं टाकणार?

मग मी घरटी पन्नास रुपये काढायचं ठरवलं. वाडीत चुली पेटणारी घरं बत्तीस. फिरताना मजा आली. ज्यांची पोरं शाळेत नाहीत त्यांनी पटकन दिले. एका म्हातारीने दोनशे दिले, तिची सगळी नातवंडं घणसोलीला. एका माळकरी आबांनी पैसे दिले पण म्हणाले, "माझं केळ्यात धर." दोन घरांनी नाही दिले, त्यांचं आमचं बांधावरनं आहे, ते वेगळं.

आणि इथं एक गोष्ट झाली जी मी ठरवून केली नाही. पहिल्या आठवड्याची अंडी आणली आणि संध्याकाळी दुकानाच्या काचेवर आतून एक कागद चिकटवला. जमा इतके, अंडी सतरा, केळी चार, शिल्लक इतकी. कुणी सांगितलं नव्हतं. लोकांचे पैसे आहेत म्हणल्यावर हात आपोआप तसाच चालला, यात्रेच्या सवयीने. लोक फाट्यावर गाडीची वाट बघत तो कागद वाचायचे. एकदा मी केळ्यांचे वीसऐवजी पंचवीस लिहिले तर दुपारपर्यंत तिघांनी विचारलं. (एक केळं काळं निघालं म्हणून पाच घेतली होती. तेही लिहिलं मग.)

ह्याच सुमाराला वरच्या आळीच्या वहिनी. त्यांचा पोरगा दुसरीत, त्या समितीत सुरुवातीपासून, नवरा पुण्याकडं ड्रायव्हर. माझ्या वहीत त्यांच्या एकोणीस-वीस सह्या तरी असतील. मार्च संपायला आठ दिवस होते, अनुदान नुकतंच आलेलं, आणि मी नेहमीप्रमाणे वही घेऊन दारात. वहिनी शेणाच्या पाट्या टाकून आलेल्या. हात धुतले, पदराला पुसले, पेन घेतलं, आणि थांबल्या.

"भावजी, ह्येच्यात काय लिवलंय?"

"काही नाही वहिनी, नेहमीचंच. अनुदानाचा खर्च."

"मग वाचा की. अंड्याचा तुमी काचंवर लावताय, त्यो समदं वाचत्यात. ह्यो का लावत न्हाय?"

वाचलं. झाडू इतके, फिनेल इतकं, खडू इतके, रंगकाम ४,२०० रुपये. वहिनी म्हणाल्या, "रंग कवा दिला? माझं पोरगं तर सांगतंय भितीचं पोपडं पडत्यात वहीवर." मी म्हणलं, ते जरा ॲडजस्टमेंट आहे. त्यांनी पेन टोपण लावून माझ्या हातात दिलं. रागाने नाही हं, अगदी शांतपणे. "मिटिंग घ्या. तितं वाचा. मग करती सही." आणि वर चहा विचारला. त्या चहाएवढा कडू चहा मी आयुष्यात प्यायलो नाही, साखर व्यवस्थित असून.

ॲडजस्टमेंट काय होती ते सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही गुरुजींना चोर समजाल. ऑगस्टमध्ये शाळेचं लाइट बिल थकून मीटर काढायची वेळ आली होती. खात्यात पैसे नव्हते. गुरुजींनी स्वतःच्या मोबाइलवरून चार हजार शंभर रुपये भरले. आता अनुदान आल्यावर पैसे जातात ते थेट दुकानदाराच्या खात्यात, ऑनलाइन, गुरुजींच्या खिशात परत कसे घालणार? म्हणून रंगाच्या दुकानाचं बिल घ्यायचं, दुकानदार नंतर रोख देईल, असं आमचं ठरलेलं. म्हणजे खोटं होतं, पण ते खोटं आमच्यातल्या सगळ्यात सरळ माणसाचं होतं. मला आजही नीट सांगता येत नाही की त्या दिवशी कुणाची बाजू बरोबर होती. वहिनींची होती, ते कळतं. पण गुरुजींची चूक होती असं म्हणायला जीभ वळत नाही.

मिटिंग घेतली. शाळेत घेतली असती तर दुपारी कोण येणार, म्हणून रात्री आठला देवळात, यात्रेचीच सतरंजी. पहिल्यांदाच समितीतल्या सातपैकी सहा बायका आल्या, आणि समितीत नसलेल्या दहा-बारा. गडी पण आले, तमाशा बघायला. मी सगळं वाचलं, लाइट बिलासकट. शांतता. मग एकदम सगळे बोलायला लागले. एक जण म्हणाला, मागच्या पाच वर्षांचा हिशोब काढा. एकाने मलाच धरलं की तू प्रत्येक वेळी खोट्या सह्या घेतल्यास, त्याची स्वतःची सही पण त्यात होती हे तो विसरला. गुरुजी खांबाला टेकून खाली बघत बसलेले. शेवटी फक्त एवढंच म्हणाले, "पंधरा वर्षं नोकरी झाली, मला आजपर्यंत कुणी हिशोब विचारला नव्हता. विचारला असता तर बरं झालं असतं, एकटं पडल्यासारखं वाटलं नसतं." आणि उठून गेले.

ठरलं ते असं. ४,२०० चा खरोखर रंग आणायचा, मजुरी नाही, गावाने द्यायचा. गुरुजींचे पैसे वर्गणी काढून द्यायचे. वर्गणी जमली २,६००, उरलेले गुरुजींनी घेतले नाहीत, आणि ते २,६०० पण बाईंच्या हातातून घेतले, माझ्याकडून नाही. दोन महिने ते माझ्याशी कामापुरतं बोलायचे. रंग दिला, आकाशी, एका खोलीला पुरला, दुसऱ्या खोलीच्या तीन भिंती झाल्या आणि चौथी अजून तशीच आहे. काकी म्हणतात त्या भिंतीकडं पोरांना तोंड करून बसवू नका.

त्यानंतरच्या सभा रात्रीच होतात. झकास होतात असं काही नाही. एकदा तर फक्त चौघं आली आणि अंड्यावरनं विषय निघून बांधावर गेला. पण वही आता बायकांसमोर वाचावी लागते, आणि वाचावी लागते म्हणल्यावर लिहिताना हात सांभाळून चालतो. "खेळीमेळीच्या" हा शब्द मी लिहायचा बंद केला.

पटाचं मात्र काही करता आलं नाही. २०१७ च्या डिसेंबरात दहाच्या आतल्या तेराशेवर शाळा बंद करायचं ठरलं होतं तेव्हा मी मुंबईत होतो, बातमी वाचून पान उलटलं. २०२३ ला समूह शाळांचं निघालं, पानशेतचं उदाहरण दाखवलं, लहान शाळा एकत्र करा, पोरांना गाडीने न्या. मग १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा, म्हणजे पटावरून शिक्षक मंजूर करायचा, जीआर आला आणि वीस हा आकडा शिवीसारखा झाला. आमच्या डोंगरात जुलैच्या पावसात ओढा आला की माणूस माणसापर्यंत जात नाही, तिथं पोरांची गाडी. समितीला हे सगळं माहीत आहे, समितीने ठराव पण केला, एकमताने, आणि तो माझ्याच प्रिंटरवर छापून पाठवला. शिक्षक किती द्यायचे ते वीस आणि एकवीसवर ठरतं, आणि वीस की एकवीस ते ठरतं एखाद्या घराने पोराला दुसऱ्या शाळेच्या पिवळ्या व्हॅनमध्ये बसवलं की नाही ह्यावर. माझ्या सख्ख्या भावाचं पोर त्या व्हॅनमध्ये जातं. मी त्याच्याशी काय ठराव करू?

२०२५ ला चौथीतून चार पोरं बाहेर पडली, त्यात माझी पोरगी. ती पाचवीला खालच्या गावात हायस्कूलला. पहिलीला आली दोन. पट एकोणीस.

पोरगी शाळेतून गेली म्हणजे मी पालक नाही, पालक नाही म्हणजे समितीत नाही. १६ जूनला शाळा उघडली त्याच आठवड्यात देवळात सभा झाली आणि वरच्या आळीच्या वहिनी अध्यक्ष झाल्या. प्रिंटरचा विषय कुणी काढला नाही. मी बाहेर जाऊन डिकी उघडली, वही काढली, तिच्यावर हेल्मेटचा वास बसलेला, आणि आणून त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी तिथंच ट्यूबलाइटखाली पहिल्या पानापासून चाळायला घेतली. बाकीची मंडळी उठायच्या तयारीत, पण त्या पान पान उलटत होत्या.

"भावजी, ही मधली पानं कोरी का वो?"

मी म्हणलं, ती राहून गेलेल्या सभांची. नंतर लिहायला ठेवलेली.

त्यांनी मोजली. नऊ पानं. मग पेन मागितलं, आणि एकेक पान काढून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारली, एकदा अशी, एकदा तशी. चौथ्या पानावर पेन बंद पडलं, गुरुजींनी उठून खिशातलं स्वतःचं दिलं. सगळी नऊ पानं झाल्यावर वही फिरवून माझ्यापुढं सरकवली आणि शेवटच्या फुलीखाली बोट ठेवलं.

"हितं सही करा."

केली.